नाव सांग, माळा सांग

सकाळी आठला दहा कमी असले की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. इतकी वर्षं झाली, चार साइट झाल्या, छातीवर 'सेफ्टी' लिहिलेलं जाकीट घालून फिरते, तरी समोर साठ-सत्तर माणसं रांगेत उभी राहिली की पहिला विचार तोच येतो. यातलं कोण संध्याकाळी खाली येणार नाही? भल्या सकाळी असले विचार करणारी बाई घरात कुणाला आवडणार? नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव एकदा. मी म्हणते, अरे, डॉक्टर काय करणार, हे मला काकांकडून आलंय.

काका म्हणजे माझे कुणी नात्यातले नव्हेत. घोडबंदर रोडला तीन टॉवरचं काम चाललेलं, तिथले ते सेफ्टी ऑफिसर. मी त्यांच्या हाताखाली लागलेली, नवी कोरी. सगळी साइट त्यांना काका म्हणायची, बिहारचे मिस्त्रीसुद्धा काकाच म्हणायचे. साइटचे मुख्य इंजिनियर, म्हणजे साहेब, तेवढे 'अहो सेफ्टी' अशी हाक मारायचे. घोडबंदर रोडच्या मागे खाडीला लागून कोळ्यांची जुनी गावं आहेत, त्यातल्या एका गावचे ते. बाप होडीवर, आजा होडीवर. हे मात्र एका कारखान्यात आग विझवायच्या खात्यात होते, तो बंद पडल्यावर कोर्स करून इकडे आले. बुटके, सावळे, पोट सुटलेलं, आणि डोक्यावर चोवीस तास पांढरं हेल्मेट. चोवीस तास हे मी उगाच म्हणत नाही. जेवताना हेल्मेट, चहा पिताना हेल्मेट, घरी जाताना बसमध्येसुद्धा हेल्मेट. एकदा मी विचारलं, "काका, बसमध्ये काय पडणार आहे डोक्यावर?" तर म्हणाले, "नाय पडनार, ता तुना कोनी सांगला?"

आमचं काम तसं सोपं. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कामगारांना एकत्र उभं करायचं आणि आज कुठे काय धोका आहे ते सांगायचं. त्याला साइटवर टूलबॉक्स टॉक म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते पाच मिनिटांत उरकतं. कुणीतरी हेल्मेट घाला, बेल्ट लावा, काळजी घ्या असं ओरडतं, कागदावर सह्या होतात, एक फोटो काढून ग्रुपवर टाकतात, झालं. काकांचं मात्र आदल्या दिवशी संध्याकाळी पाचलाच सुरू व्हायचं. लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि एकेक माळा पायी उतरायचं. उद्या इथे कुठलं काम आहे ते फोरमनला विचारायचं आणि त्या जागी जाऊन नुसतं उभं राहायचं. मग काका स्वतःशीच मोठ्याने विचारायचे, "इथं मी मरन कसा?"

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले. म्हटलं, म्हातारा कामातून गेलाय. पण त्यांचा शोध चालू झालेला. या कठड्याला टेकेन, हा सैल आहे, जाईन. या वायरवर पाय पडेल, हिची साल निघाली आहे, जाईन. वरून त्याच्या हातातला पाना सुटेल. मरायचे चार-पाच प्रकार सापडले की त्यातला एकच निवडायचे आणि कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने दोन ओळी लिहायचे. मी म्हटलं, काका, बाकीचे चार पण सांगू की. तर म्हणाले, "एका दिवसाला एकच भीती द्यायची गो बाय. दोन दिल्या तर मानूस दोन्ही टाकून वर जातो." उरलेले चार ते त्याच संध्याकाळी सुतार आणि फोरमनच्या मागे लागून दुरुस्त करून घ्यायचे, आणि तोवर घरी जायचे नाहीत. हेड ऑफिसहून वर्षभराच्या विषयांचा छापील तक्ता यायचा. त्यात एका सोमवारी 'कार्यालयात खुर्चीवर बसण्याची योग्य पद्धत' हा विषय होता. काकांनी तो तक्ता किटलीखाली घातला.

आणि गंमत म्हणजे काकांना स्वतःला उंचीची भयंकर भीती! दहाव्या माळ्याच्या वर गेले की भिंत सोडायचे नाहीत. मी खाली वाकून बघायला लागले की मागून माझं जाकीट धरून ठेवायचे. पोरं हसायची त्यांना. काका म्हणायचे, "भितो म्हनून तर ठेवलाय मना. नाय भिनारा मानूस ठेवला तर तो काय बघनार?"

'काळजी घ्या' हे शब्द उच्चारायला बंदी होती. चुकून कुणाच्या तोंडून निघाले की काका खेकसायचे, "काळजी घ्या म्हंजे काय घेव? हातान घेव का खिशान घेव? हात खय ठेवायचा ता सांग, पाय खय ठेवायचा ता सांग." माझ्या पहिल्या टूलबॉक्स टॉकला मी नेमकं तेच केलेलं. बारा मुद्दे, चार्टपेपर, तीन रंगांचे स्केचपेन. आदल्या दिवशी आंबिवलीला घरी जमिनीवर पसरून बसलेले, आई म्हणाली, अक्षर छान आलंय. साइटवर मी बाराही मुद्दे घडाघडा वाचून दाखवले. काकांनी पहिल्या रांगेतल्या एकाला विचारलं, "बुधन, मॅडम क्या बोली?" बुधनने जरा विचार केला आणि म्हणाला, "मॅडम बोली, काम अच्छे से करने का." सगळे हसले. मी स्टोअरच्या कंटेनरमध्ये जाऊन रडले. रागाने रडले, वाईट वाटून नाही. दुपारी काकांनी माझ्यासमोर डबा सरकवला, त्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. म्हणाले, "उद्यापासून तोंडा बघू नको त्यांची, पाय बघ. तोंड हो बोलतं."

पाय बघणं हा त्यांचा दुसरा वेडेपणा. सकाळी साडेसहाला ते लेबर कॅम्पच्या नळावर जाऊन उभे राहायचे. लोक तोंड धुतायत, आंघोळ करतायत, आणि हे त्यांच्या पायांकडे बघतायत. कुणाची टाच फुटली, कुणाला बूट चावला, कुणाचा पाय रात्रीच्या दारूने अजून डगमगतोय. टाच दुखणारा माणूस त्या दिवशी शिडीवर चढायचा नाही. कॅम्पमधल्या प्रत्येकाचे पाय त्यांना पाठ होते. बुधनचीसुद्धा ओळख त्यांनी मला अशीच करून दिलेली, "हा बुधन, झारखंडचा, शटरिंगला हाय. नऊ बोटांचा." शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतायला प्लायचे साचे ठोकायचं काम. त्याच्या उजव्या पायाची करंगळी कुठल्याशा जुन्या साइटवर गेलेली.

पण खरी डोकेदुखी होती नावांची. काका माणसं मोजायचे नाहीत. म्हणजे मोजायचेच नाहीत. रोज सगळ्यांची नावं घ्यायचे, एकेक, आणि त्या माणसाने 'हजर' म्हणून भागायचं नाही, आज कुठल्या माळ्यावर, काय काम, ते सांगायचं. "नाव सांग, माळा सांग." मध्येच काका एखाद्याला आडवा प्रश्न टाकायचे, मी आत्ता काय बोललो? उत्तर आलं नाही तर तो बाजूला. सगळ्यांची उत्तरं आल्याशिवाय एकही माणूस लिफ्टकडे जायचा नाही. शेवटी बुधन ओरडायचा, "काका?" आणि काका उत्तर द्यायचे, "सगलीकडं!" त्यावर हशा व्हायचा आणि मग कामं सुरू. या सगळ्यात पंधरा मिनिटं जायची. साहेब बाजूला उभे राहून पाय आपटायचे. साहेब तसे वाईट नव्हते, ते कायम घाईत असायचे इतकंच. ते म्हणायचे, अहो सेफ्टी, डोकी मोजा ना सरळ. काका म्हणायचे, "आमच्या होडीव पन मोजीत नसत. मोजायची ती मासली. मानसाचा नाव घ्यायचा."

मी कारण विचारलं तर दर वेळी वेगळं सांगायचे. कधी म्हणाले, मोजलं की एक कमी होतो. कधी म्हणाले, बापाला वीसच्या पुढे मोजताच येत नव्हतं. खरं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणखी एक सांगायचं म्हणजे लाल फुली. इमारतीत पाइप वर न्यायला प्रत्येक माळ्यावर एक मोठं चौकोनी भोक ठेवतात, त्याला डक्ट म्हणतात. त्यावर प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकून बसवायचा. काकांनी अशा प्रत्येक प्लायवर लाल रंगाची फुली मारून घेतलेली. त्यांचं हिंदी म्हणजे देवा रे देवा, पण पोरांना तेच कळायचं. "ये छेद है. छेद के उपर प्लाय है. प्लाय के उपर फुली है. फुली को क्या करने का? नमस्कार करने का आणि बाजू से जाने का!" आणि खरंच, आमच्या साइटवर माणसं जाता-येता लाल फुलीला हात जोडायची. आधी चेष्टेने, मग सवयीने. बाहेरून आलेल्या एका इंजिनियरने मला विचारलेलं, इथे कुणी गेलंय का हो? मी म्हटलं, नाही, म्हणूनच.

त्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तीनदा पुढे ढकललेलं त्यांनी. शेवटी मुलाने धरून नेलं. डॉक्टरने सांगितलेलं, पंधरा दिवस घरी, धुळीत जायचं नाही आणि खाली वाकायचं तर मुळीच नाही. जाताना त्यांनी माझ्या हातात कॅलेंडरचं एकच पान ठेवलं, पहिल्या दिवसाचं. मी म्हटलं, बाकीची? "पुढच्या दिवसाची भीती आज कशी लिवू? ती अजून झाली पन नाय." रोज संध्याकाळी पाचला त्यांचा फोन यायचा. "फिरलीस?" मी म्हणायचे, फिरले. "खरा?" खरं हो काका! आणि मी खरंच फिरायचे. रिकाम्या माळ्यावर उभी राहून, कुणी ऐकत नाही ना बघून, हळूच विचारायचे, इथे मी मरेन कशी?

चौथ्या संध्याकाळी मला उत्तर सापडलं. चौदाव्या माळ्यावर प्लंबरने डक्टवरच्या प्लायचे खिळे काढून ठेवलेले. पाइप उद्या चढवायचे होते, म्हणून प्लाय नुसता ठेवलेला. मी सुताराला सांगितलं, तो म्हणाला, सकाळी ठोकतो. मी पानामागे लिहिलं: 'चौदावा. फुलीला खिळे नाहीत. उचलायचा नाही.' काका असते तर सुताराला तिथून हलू दिलं नसतं. मला तेव्हा ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी असा टूलबॉक्स टॉक दिला म्हणून सांगू! जन्मात पहिल्यांदा पोटात गोळा नव्हता. प्लायचा तुकडा हातात घेऊन करून दाखवलं, प्लाय असा समोर धरला की पुढचं भोक दिसत नाही, पाऊल पडतं ते थेट खाली. सगळे गप्प होऊन ऐकत होते. मनात म्हटलं, आज काकांना फोनवर सांगायचं. तेवढ्यात साहेब घड्याळ बघत आले. "मॅडम, काँक्रीटची गाडी कधीची येऊन थांबलीये, माल घट्ट होईल. ते नाव-गाव आज राहू द्या. मोजा आणि सोडा."

मी मोजलं. त्रेसष्ट. कागदावर सह्याही त्रेसष्ट. मी सोडलं.

साडेदहाला वायरलेसवर आवाज आला, चौदाव्यावरून माणूस गेला. त्या क्षणाचं मला फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की मी जिन्याने धावत होते आणि कुठला माळा आहे हे बघायला विसरत होते. शटरिंगच्या एका मिस्त्रीने त्याला प्लाय आणायला पाठवलेलं, त्याने जवळचा पहिला प्लाय उचलला, नेमका तो अजून न ठोकलेला, समोर धरला, आणि पाऊल टाकलं. काकांनी भांडून भांडून दर दोन माळ्यांनी डक्टमध्ये जाळी बांधून घेतलेली. बाराव्या माळ्याच्या जाळीने त्याला धरलं, पण पडताना पाइपवर आपटला. मांडी मोडलेली, तोंड रक्ताने भरलेलं, सुजून ओळखू न येणारं, शुद्ध नाही. गळ्यातल्या गेटपासवर नाव: बुधन.

माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात त्याला घातलं. फॉर्म मी भरला. नाव बुधन, वय चौतीस. घरचा नंबर साइटच्या रजिस्टरमध्ये होता, फोनही मीच लावला. त्याच्या बायकोने उचलला. मी म्हटलं, "मैं साइट से बोल रही हूँ. बुधन गिर गया है. हॉस्पिटल में है." ती एवढंच म्हणाली, "ज़िंदा है?" मी हो म्हटलं. मग तिच्या हातातून फोन पडला असावा. लांबून तिचं रडणं ऐकू येत राहिलं, आणि मी तो फोन कापूही शकत नव्हते.

मग मी काकांना कळवलं. खरं तर त्यांना कळवायला नको होतं, पंधरा दिवस घरी सांगितलेलं ना. पण मला दुसरं कोण होतं? अर्ध्या तासात रिक्षाने आले. डोळ्यावर काळा चष्मा, खाली कापसाची पट्टी, आणि वर हेल्मेट. वॉचमन आत सोडेना, त्याला वाटलं हाच पेशंट आहे. काका सरळ खाटेजवळ आले आणि चादरीतून बाहेर आलेल्या पावलांशी खाली वाकले. मी ओरडले, "काका, वाकू नका!" त्यांनी ऐकलं नाही. नाक लावून बघितलं, बोटांवरून बोट फिरवलं. माणसं न मोजणाऱ्या माणसाने पायाची बोटं मोजली.

"बाय," म्हणाले, "हा बुधन नाय. ह्याची दाही बोटा हायत."

मग हा कोण? फॉर्मवर बुधन, पासवर बुधन, झारखंडात एक बाई बुधनच्या नावाने रडतेय, आणि खाटेवर हा विशी-बाविशीचा पोरगा, ज्याचं तोंड मी सकाळी बघितलंसुद्धा नाही. काकांनी कॅम्पवर माणूस पिटाळला. बुधन तिथे तापाने फणफणून झोपलेला, फोन बंद. खाडे झाले तर नाव कमी करतील या धास्तीने त्याने आपला पास मामेभावाला दिलेला. तो गावाहून येऊन दोनच दिवस झालेले. त्याला संथालीशिवाय काही येत नव्हतं. माझ्या त्या झकास टूलबॉक्स टॉकला तो मागच्या रांगेत उभा होता आणि सगळ्यांबरोबर मान हलवत होता. मी नावं घेतली असती तर बुधनच्या नावाला कोण ओ देतंय ते दिसलं असतं. पहिल्या आडव्या प्रश्नाला तो बाजूला झाला असता.

बुधनला उठवून फोनवर घेतलं. त्याने आधी बायकोला व्हिडिओ कॉल लावला, आपलं तोंड दाखवलं, आणि मग तिला आमच्याशी जोडून दिलं. ती नुसती बघत होती. काकांनी हेल्मेट काढलं. एवढ्या दिवसांत मी त्यांचं डोकं पहिल्यांदा बघितलं. पार टक्कल, आणि त्यावर पट्ट्याचा वळ. ते हेल्मेट छातीशी धरून तिला म्हणाले, "बाई, गलती हमारा." मग बुधनला विचारलं, "नाव काय रे त्याचा?"

"सोमाय."

त्याला ऑपरेशनला न्यायची तयारी चाललेली. नर्स मघापासून हाका मारत होती, बुधन, बुधन, आँखें खोलो, आणि तो डोळे उघडत नव्हता. काका परत वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सकाळी साइटवर मारायचे तशी खणखणीत हाक मारली, "सोमाय!" त्याने डोळे उघडले. काहीतरी बोललाही. काय ते आम्हाला कळलं नाही.

संध्याकाळी साहेब हॉस्पिटलात आले. घाबरलेले होते बिचारे, चेहरा उतरलेला. मला बाजूला घेऊन समजुतीने सांगायला लागले. "मॅडम, फॉर्मवर बुधन आहे ना, राहू दे. पास बुधनचा, सही बुधनची, टॉक त्याला दिलेला आहे. तुम्ही तर सेफ आहात उलट! त्या बुधनला चार महिने गावी पाठवू. हा दुसरा पोरगा साइटवर आलाच कुठे? कागदावर कुठे आहे तो?"

आणि तेच खरं होतं. कागदावर सोमाय नावाचा माणूस आमच्या साइटवर कधी आलाच नव्हता. मी फक्त गप्प राहायचं होतं. मी तशीच राहिले असते, खोटं कशाला सांगू? नोकरीला आठ महिने झालेले, घरी स्थळं बघणं चाललेलं, बापाचं एक ऑपरेशन व्हायचं होतं. रिपोर्टचा कागद मांडीवर आणि पेन हातात घेऊन मी बाकावर बसलेले. काका शेजारी. आता शिव्या घालतील, नाहीतर चार शब्द सांगतील, असं वाटत होतं. ते एकाच डोळ्याने समोरच्या भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "नाव घे गो बाय त्याचा."

मी लिहिलं. सोमाय. चौदावा माळा, शटरिंग. खाली लिहिलं, आज सकाळी मी नावं घेतली नाहीत, डोकी मोजली. ते बघून आई म्हणाली असती, अक्षर बिघडलंय तुझं.

दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं. काकांनाही महिन्याभरात निरोप दिला. पण नाव कागदावर होतं, त्यामुळे सोमायला सोडून देता आलं नाही कुणाला. त्याच्या मांडीत सळई घातली, तो हॉस्पिटलातून चालत गेला, जरा लंगडत. आता गावी असतो. काकांचा तो डोळा मात्र गेला. आत पू झाला म्हणाले. वाकल्यामुळे की धुळीमुळे की आणखी कशामुळे, हे मी डॉक्टरला कधी विचारलं नाही. हिंमत नव्हती. काकांना विचारलं तर म्हणायचे, "म्हातारपन गो." मला ते पटायचं नाही, अजून पटत नाही.

मला पुढे माजिवड्याला दुसरी साइट मिळाली, मग कल्याणला. संध्याकाळी पाचला काकांचा फोन न चुकता यायचा. "फिरलीस?" "फिरले." "खरा?" माझ्या लग्नाच्या दिवशीही आलेला. मी शालू नेसून म्हटलं, काका, आज सुट्टी आहे हो माझी. तर म्हणाले, मांडवाची वायर बघितलीस?

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी पाच वाजून गेले तरी फोन आला नाही. मी सहाव्या माळ्यावर उभी होते. सव्वापाचला मीच लावला. मुलाने उचलला, आणि मला लगेच कळलं.

अस्थी खाडीतच सोडायच्या होत्या, त्यांनी सांगूनच ठेवलेलं. मी सकाळी त्यांच्या गावच्या धक्क्यावर गेले. होडीत मुलगा, दोन पुतणे, जावई, होडी हाकणारा शेजारी, आणि कामावर खाडा टाकून आलेला बुधन. बाकी आम्ही सगळे धक्क्यावर. पाणी शांत होतं, जायचं-यायचं अर्ध्या तासाचं काम. तरी माझ्या पोटात गोळा आलाच. मुलगा ऑफिसात काम करणारा, होडीची सवय सुटलेली. त्याने एक नजर फिरवली आणि म्हणाला, "सहा जण ना? झाले. चला."

"मोजू नको रे!" मी ओरडले. सगळे वळून बघायला लागले. म्हटलं वेडी समजू देत. "नावं घे. तुझ्या बाबांनी मोजून कधी सोडलं नसतं."

तो एकेक नाव घ्यायला लागला आणि एकेक ओ यायला लागली. बुधनने तर सवयीने माळा सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि गप्प झाला. सहा नावं झाली. होडीचं इंजिन चालू होतं. मुलाने मांडीवरच्या कलशाकडे बघितलं आणि सातवं नाव घेतलं, बापाचं.

होडी सोडता येईना, कारण उत्तर आल्याशिवाय सोडायचं नाही हे बुधनलाही माहीत होतं आणि मलाही. होडीवाला आमच्याकडे बघत थांबला. शेवटी मीच धक्क्यावरून ओरडून सांगितलं, "सगळीकडे!" आणि मग रडले.

होडी गेली. ती परत दिसेपर्यंत मी धक्क्यावरून हलले नाही. कुणीतरी खुर्ची आणली, चहा आणला, मी उभीच. होडी लागल्यावर एकालाही उतरू दिलं नाही, आधी नावं घेतली. सहाही जणांनी ओ दिली. सातव्यासाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं, आणि म्हटलं, "उतरा आता. पाय बघून उतरा."